सेनापतीचे कान

३ ऑक्टोबर १९७१, रविवार

‘आमच्या विभाला कोणी फसवू शकत नाही,’ असं मामा एकदा म्हणाले होते. नागपूरला, मी नऊ वर्षांची असताना. बैठकीत बरीच माणसं होती. त्यापुढेही मामा काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले, पण ते काय होतं ते आता आठवत नाही. महत्त्वाचं वाक्य पहिलंच. त्याच्या जोरावर आजवर निभावलं.

निर्णय झाला. कुत्रा घ्यायचा. गल्लीतला नाही. अल्सेशियन, अस्सल जातिवंत, आईबापाचं नावगाव माहीत असलेला.

कारण सरळ आहे. दिवस बरे नाहीत. लढाई होणार असं इथल्या रांझी बाजारातला पानवालासुद्धा सांगतो. हे लष्करी मालाच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनमध्ये, त्यांना रोज बारा तासांची ड्यूटी, आणि आपल्या क्वार्टरची मागची भिंत इतकी बुटकी की शेळीही येऊन जाते. लेक मीरा जुलैत नागपूरला मेडिकलला गेली, होस्टेलवर राहते, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते. मीरा गेल्यापासून घर छान शांत झालं आहे. मला शांतता आवडते.

ह्यांना विचारलं. रेडिओवर बातम्या चालू होत्या. ‘हूं’ म्हणाले. म्हणजे हो.

५ ऑक्टोबर

मीराला पत्र टाकलं. घरात अल्सेशियन येतोय, डिसेंबरच्या सुट्टीत येशील तेव्हा चांगला खेळण्याजोगा झालेला असेल, असं लिहिलं. आग्रह केला नाही. फक्त माहिती दिली. चार पानं झाली.

१० ऑक्टोबर, रविवार

सराफ्यात जाऊन आले. मुरलीधर सोनी. तिकडे त्यांच्या दुकानाइतकंच त्यांच्या कुत्रीचंही नाव आहे. पायरीवर बसलेली होती. काळी पाठ, उभे कान, बघणं असं की मीच काहीतरी चोरून चालले आहे. माणूस सज्जन वाटला. चहा दिला. कुत्र्याबद्दलही सोन्यासारखंच बोलतो. म्हणाला, दीदी, बाजारात चौदा कॅरेटचे अल्सेशियन फार, माझा माल बावीस. पिल्लं दिवाळीनंतर होणार, पहिलं तुमचं. बयाणा घेतला. पावती मागणार होते, पण ज्याच्या हाताखालून आयुष्यभर लोकांचं सोनं गेलं त्याला पावती काय मागायची? बरं दिसलं नसतं.

मला माणसाची पारख लगेच होते.

नाव ठरवलं. सेनापती. आपल्या क्वार्टरांच्या लाइनीत टायगर नावाचे तीन कुत्रे आहेत आणि तिन्ही फटाक्यांना घाबरतात.

१४ ऑक्टोबर

फॅक्टरीच्या क्लबातून कुत्रे शिकवण्याचं इंग्रजी पुस्तक आणवलं. सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे एकदम तिसऱ्या धड्यापासून सुरू केलं. आवाजात अधिकार हवा, असं लिहिलं आहे. दुपारी आरामखुर्चीला ‘सिट’ म्हणून पाहिलं. शेजारच्या अनसूयाबाई कढीपत्ता मागायला मागच्या दारी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. कढीपत्ता न घेताच गेल्या.

२१ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मीरा आली नाही. परीक्षा. चकल्या पार्सलने पाठवल्या. बऱ्याच केल्या होत्या, उरलेल्या आम्ही दोघं खातो आहोत.

तिचं पत्र आलं. अल्सेशियनबद्दल एक ओळ आहे: ‘कुत्रा घेतेस? छान.’ लहानपणी रस्त्यात कुत्रा दिसला की त्याच्या गळ्यातून हिचा हात सोडवावा लागे. ‘छान’च्या खाली रेघ असल्यासारखी वाटते. ह्यांचं म्हणणं पेन घसरलं.

२ नोव्हेंबर

सोनींकडे पिल्लं झाली. पाच. डोळे उघडलेले नाहीत म्हणून दाखवत नाहीत, नजर लागते. बरोबर आहे.

आपल्या लाइनीच्या कोपऱ्यावर, बसस्टॉपच्या टपरीमागे, लाली म्हणून एक कुत्री असते. तांबडी, शेपटीची गोल जिलबी. तिलाही पिल्लं झालीत. अनसूयाबाई तिला शिरा करून घालतात, बाळंतीण म्हणून. मी अनसूयाबाईंना सांगितलं की अशानेच गल्लीतली कुत्री वाढतात. त्या म्हणाल्या, ताई, तिनं कोणाला विचारून तं नाही केलं ना.

१२ नोव्हेंबर

सोनींचा नोकर सांगतो, डोळे उघडले, पण शेठजी बाहेरगावी.

१६ नोव्हेंबर

शेठजी आले, पण पिल्लं त्यांच्या सासुरवाडीला, कटनीला. हवापालट.

२० नोव्हेंबर

सोनींनी स्वतः सांगितलं, डोळे खाली घालून. एका मोठ्या पोलिस साहेबाने पिल्लं पाहिली. आता दीदी, साहेबाला नाही कसं म्हणायचं? उरलेली चार साहेबाच्या मित्रांनी पाहिली. पुढच्या वेळचं पहिलं माझं. बयाणा सुरक्षित आहे, म्हणाले, माझ्यापाशी राहिला तर जास्त सुरक्षित.

एवढा मोठा सराफ माझ्यासमोर मान खाली घालतो हे थोडं नाही. बयाणा तिथेच राहू दिला.

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले की सोनींची कुत्री पायरीवर बसते खरी, पण तिला पिल्लं झालेली कोणी पाहिली का? मी म्हटलं, तुम्हाला सगळीकडे रिजेक्टच दिसतं. फॅक्टरीत दिवसभर हातात गेज घेऊन पार्ट मापायचे, मापात बसला तर ठेवा, नाही तर फेका. माणसं अशी मापता येत नाहीत.

 त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला.

२३ नोव्हेंबर

नवी आशा. सदर बाजारात राहणारे चौहान साहेब. मिलिटरीत कुत्र्यांच्या खात्यात होते, रिटायर्ड. नेमके काय होते ते विचारलं नाही, मिशा पाहून विचारवलं नाही. त्यांनी उलट माझाच इंटरव्ह्यू घेतला. भिंत किती उंच? घरात लहान मुलं? खिमा कोण शिजवणार? मी म्हटलं, आमच्याकडे चालत नाही. त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले, ‘मॅडम, हम कुत्ता बेचते नहीं, देते हैं. घर देखकर.’

इतका कडक माणूस खोटा असूच शकत नाही. मी अंड्यावर तडजोड केली. मागच्या अंगणात वेगळी सिगडी, वेगळं भांडं. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला आणि पूर्ण रक्कम आगाऊ घेतली.

२७ नोव्हेंबर

मीराला दुसरं पत्र. पिल्लू नक्की झालं, मिलिटरीच्या घराण्यातलं आहे. सुट्टी केव्हा लागते ते कळव, म्हणजे त्याचं ट्रेनिंग त्या बेताने करता येईल. यात आग्रह कुठेच नाही.

लालीची पिल्लं चोरीला गेली. अनसूयाबाईंच्या मिस्टरांनी पहाटे ड्यूटीवर जाताना सायकलवर पोतं बांधलेला एक माणूस पाहिला होता. लाली सारखी रडते. कंटाळा आला ऐकून. खिडक्या लावून घेतल्या तरी येतंच.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई सुरू झाली. काल संध्याकाळी पाकिस्तानने विमानतळांवर बाँब टाकले. आज फॅक्टरीतून लाउडस्पीकरची जीप फिरून गेली. अंधार पडला की दिवे बंद, काचांना काळा कागद. रजा सगळ्या रद्द. हे घरी जेवायलाही येणार नाहीत, डबा पाठवायचा.

मी सगळ्या खिडक्यांना कागद लावला. मीराच्या खोलीच्याही. कोणी तिथे दिवा लावणार नाही, पण लावला.

चौहान साहेबांचा निरोप: पिल्लू तयार, उद्या संध्याकाळी, ब्लॅकआउटचा भोंगा झाल्यावर या.

६ डिसेंबर, सोमवार

काल आणलं.

आधी मलाही वाटलं की ब्लॅकआउटमध्ये काहून बोलावतात. पण चौहान साहेबांनी समजावलं. अल्सेशियनची खरी परीक्षा अंधारात होते. उजेडात काय, कोणताही कुत्रा धीट असतो. सदरचा सगळा बाजार काळोखात, रिक्षांच्या दिव्यांना काळा रंग, आणि चौहान साहेब हातात निळा कागद लावलेला टॉर्च घेऊन उभे. केवढी शास्त्रशुद्ध पद्धत. टॉर्च एकदाच लावला, पिल्लाच्या नाकावर. नाक उत्तम होतं. नागरिकांनी उजेड करू नये म्हणून लगेच बंद केला.

रिक्षात शालीखाली घेऊन आले. रिक्षावाला सगळ्या वाटेने रामराम म्हणत होता. पिल्लू माझ्या काखेत तोंड खुपसून झोपलं. फार गरम असतं त्यांचं पोट. हे पुस्तकात नाही.

आज सकाळी नीट पाहिलं. रंग तांबडा. चौहान साहेब म्हणाले होते की काळी पाठ वयात आल्यावर येते. पायात पांढरे मोजे. हे दुर्मिळ असावं. कान पडलेले, पण ते सगळ्याच अल्सेशियनचे लहानपणी पडलेले असतात, हे पुस्तकात स्पष्ट दिलं आहे. वंशावळीचा कागद युद्धामुळे दिल्लीत अडकला आहे.

७ डिसेंबर

डावा कान थोडा उचललेला वाटतो.

सेनापतीने अंडं हुंगलं आणि सोडून दिलं. गूळ-तूप-पोळी खाल्ली. घराचे संस्कार इतक्या लवकर लागतील असं वाटलं नव्हतं.

काल ब्लॅकआउटमध्ये एकटीच बसले होते. अंधारात आवाजाची सवय व्हावी म्हणून त्याच्याशी बोलत राहिले. ट्रेनिंगचाच भाग. मीराची ॲडमिशन कशी झाली, स्टेशनवर ती पूर्ण वेळ खिडकीतून ह्यांच्याशीच कशी बोलत राहिली, गाडी हलल्यावर माझ्याकडे पाहून ‘तू रडू नकोस हं’ म्हणाली, आणि मी रडत नव्हतेच. त्याने सगळं ऐकून घेतलं. अल्सेशियन फार समंजस असतात.

९ डिसेंबर

डावा कान परत पडला. उजव्याने मात्र हालचाल केली. माशी होती बहुतेक.

हे काल रात्री, दोन दिवसांनी, घरी आले, ग्रीस लागलेल्या कपड्यांनिशी. मी सेनापतीला टेबलावर उभं केलं आणि म्हटलं, तुम्ही एवढे मोठे एक्झामिनर, आता सांगा. त्यांनी चष्मा लावला. कान पाहिले, पंजे पाहिले, शेपूट सरळ केली. शेपटीने त्यांच्या बोटाभोवती जिलबी केली.  मग म्हणाले, ‘विभा, लढाई चालू आहे. सध्या आम्ही पण बराच माल डेव्हिएशनमध्ये पास करून राहिलो.’

डेव्हिएशन म्हणजे काय ते मला माहीत आहे. माल मापात बसत नाही, पण काम भागवेल, म्हणून वर तसं लिहून चालवून घ्यायचा. हे मी सेनापतीला सांगितलं नाही. पण ‘पास’ म्हणाले, एवढं खरं.

आज सकाळी उठले तर हे युनिफॉर्ममध्येच खाली बसून त्याला बोटाने दूध चाटवत होते. मला पाहून म्हणाले, दात तपासून राहिलो.

११ डिसेंबर, शनिवार

सेनापतीचा दरारा पसरला. लाली आज दोनदा फाटकाशी आली. भुंकली नाही, गुरगुरली नाही, फाटकाच्या सळ्यांत नाक घालून जमिनीलगत पडून राहिली. जातिवंत कुत्र्यासमोर गल्लीतली कुत्री अशीच शरण येतात. सेनापती आतून ओरडत होता, शेपटी इतकी हलत होती की मागचा भाग आडवा झाला. अधिकार दाखवत असावा.

अनसूयाबाई वाळवण उचलता उचलता थांबल्या. म्हणाल्या, ‘काहून वो ताई, हे तं आपल्या लालीचं पिल्लू दिसून राहिलं.’

मी हसून सोडून दिलं. म्हटलं, हा सदरचा आहे. त्या म्हणाल्या, अच्छा, सदरचा, आणि पापड मोजू लागल्या.

सदर इथून किती लांब. पोतं बांधून सायकलवर एवढ्या लांब कोण जाणार?

१३ डिसेंबर

सदरला जाऊन आले. फक्त कान दाखवायला. चौहान साहेबांच्या दाराला कुलूप. समोरचा शिंपी म्हणाला, गेले. कुठे ते सांगेना. साठी उलटलेला माणूस, पण देशाने हाक मारल्यावर राहतो का घरी? सीमेवरच गेले असणार. मी शिंप्याला तसं म्हटलं. त्याने दोरा दाताने तोडला आणि म्हणाला, बहनजी, तुम्ही आज चौथ्या.

बाकीच्या तिघी त्यांना निरोप द्यायला आल्या असाव्यात.

येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली. रडू वगैरे आलं नाही. धूळ फार होती.

१४ डिसेंबर

निश्चय: कानांबद्दल लिहायचं नाही.

मीराचं पत्र. सुट्टीत येणार नाही. होस्टेलच्या मुली फर्स्ट एडचा कोर्स करताहेत, हॉस्पिटलात हात कमी पडतात, शिवाय गाड्यांत सगळे जवान, जागा मिळत नाही. शेवटी लिहिलं आहे, ‘तुला आता सेनापती आहे ना, मग मला काळजी नाही.’

मी स्वतःच लिहिलं होतं तिला. आठ पानं सेनापतीवर. वाचून कोणालाही वाटेल की इथे फार मजेत चाललं आहे.

हे पत्र वाचून म्हणाले, पोरगी शाबास निघाली. मी पण तेच म्हणाले. मग आम्ही दोघांनी अंधारातच जेवून घेतलं. सेनापतीने माझ्या पायावर पाय ठेवला होता. पांढरा मोजा तेवढा दिसत होता.

१७ डिसेंबर, शुक्रवार

काल लढाई जिंकली. ढाक्यात शरणागती. फॅक्टरीचा भोंगा वाजतच राहिला. लाइनीतल्या सगळ्या घरांत दिवे. काळे कागद फाडून मुलांनी होळीच पेटवली. अनसूयाबाई पेढ्यांचं ताट घेऊन आल्या, त्यांच्यामागून आणखी कोण कोण आलं, आणि फाटक उघडं राहिलं.

लाली आत आली नाही. फाटकाच्या बाहेरच उभी राहिली, इतक्या गर्दीत, फटाक्यांत. सेनापती माझ्या हातात होता. त्याने इतका आक्रोश केला की बोलणारी माणसं गप्प झाली. खाली ठेवला. धावताना दोनदा पडला. लाली त्याला हुंगत होती, चाटत होती, पुन्हा पहिल्यापासून हुंगत होती, जणू काही राहून गेलं आहे का ते बघतेय. तो तिच्या पोटाखाली घुसला. दूध आटलं असणार इतक्या दिवसांत. तरी ती आडवी झाली, रस्त्यातच.

कोणीतरी म्हणालं, अरे पकडा, महागाचा कुत्रा आहे. हे पुढे झाले. मी त्यांचा हात धरला.

 अनसूयाबाईंनी हातातलं पेढ्यांचं ताट माझ्याकडे दिलं, धरायला.

दोघं टपरीकडे गेली. तो मागे वळून बघेल असं वाटलं होतं. पुस्तकात तसं लिहिलेलं आहे. पण ते अल्सेशियनबद्दल.

१८ डिसेंबर

सोनींकडून माणूस आला. पुढच्या वेळची पिल्लं ठरलीत, शेठजींनी विचारलं आहे, दीदींचा बयाणा पक्का ना? नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बयाणा परत करायची पद्धत नाही. मी म्हटलं, बरं.

टपरीपाशी जाऊन आले, पोळी घेऊन. त्याने ओळखलं. पोळी खाल्ली आणि लालीकडे गेला. अनसूयाबाईंनी पोतं घालून जागा केली आहे दोघांना. उरलेली पिल्लं काही आली नाहीत. लाली अजून रस्त्याकडे बघत असते.

आता तो घरात नसल्याने मोकळा वेळ फार आहे. निश्चय: मीराच्या खोलीतलं सामान आवरून तिथे शिवणाचं मशीन ठेवायचं.

१९ डिसेंबर, रविवार

मशीन ठेवलं नाही.

हे आजही ड्यूटीवर. लढाई संपली तरी ऑर्डरी संपल्या नाहीत, म्हणतात. दुपारी मीराला पत्र लिहायला बसले. सवयीने ‘सेनापती मजेत आहे’ असं लिहिलं. मग ते खोडलं. लालीचं सगळं लिहिलं, चौहान साहेबांचं लिहिलं, ती वाचून हसेल. हसू दे. त्यानंतर काय लिहायचं ते सुचेना. चार वेळा चहा केला.

मीरा काय उत्तर देईल ते मला माहीत आहे. कोर्स आहे, गाड्यांना गर्दी आहे, आई तू उगाच मनाला लावून घेतेस, मार्चमध्ये बघू. बरोबरच आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं. म्हणून आधी इथे लिहून बघते, उद्या इनलँड पत्रावर उतरवीन:

मीरा, घरी कुत्रा नाही आणि दुसरं दाखवण्यासारखंही काही नाही. मला करमत नाही. दोन दिवस येऊन जा.